गळतीची रंगीत तालीम

खतांच्या डेपोचे मॅनेजर आठवडाभर नुसती रंगरंगोटी करून घेत होते. सुरक्षा खात्याच्या अधिकारी बाई तपासणीला येणार होत्या आणि त्यांच्यासमोर अमोनियाच्या गळतीची रंगीत तालीम करून दाखवायची होती. मॅनेजरांनी त्यातला ‘रंगीत’ शब्द फारच मनावर घेतला. टाकी पांढरीशुभ्र झाली, पाइप पिवळे झाले, व्हॉल्व्हच्या चाकांवर लाल रंगाचे थरावर थर चढले.

टँकरला जोडायच्या होजपाइपचा वॉशर कडक झालाय, तो आधी बदलू या, असं फिटर म्हणाला. मॅनेजरांनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

“वॉशर आतमध्ये असतो ना? मग बाईंना दिसणार कसा?”

वाऱ्याची दिशा दाखवणारी खांबावरची कापडी नळी मात्र दिसणार होती, आणि ती विरली होती. ती त्यांनी घरी नेऊन बायकोच्या पुढ्यात टाकली. कापड कसलं लावू, असं तिने विचारलं, तेव्हा ते म्हणाले, “भारदस्त लाव.” तिने उरलेल्या पडद्याचं कापड काढलं, वर अस्तरही लावलं. नळी झकास दिसत होती. वारा कितीही सुटो, ती जागची हलत नव्हती.

‘धोक्याच्या वेळी येथे जमावे’ हा फलक कुंपणापाशी कोपऱ्यात होता. तिथे तो कोणाच्या नजरेत भरत नाही, म्हणून मॅनेजरांनी तो उचलून टाकीसमोर आणला.

तपासणीच्या दिवशी टँकर उभा केला, होज जोडला. बाई आल्या. मॅनेजर गळती कशी रोखावी यावर बोलायला उभे राहिले, आणि तेवढ्यात तो वॉशर फुटला. फुस्स करून पांढरा धूर निघाला. सगळ्यांचे डोळे चुरचुरायला लागले. मॅनेजरांना आधी वाटलं, फिटरने तालमीत जीव ओतलाय. मग त्यांच्या नाकात वास गेला.

फिटर व्हॉल्व्ह बंद करायला धावला, पण चाक रंगाने घट्ट चिकटलं होतं. मॅनेजरांनी वर पाहिलं. नळी खाली मान घालून लटकत होती. वारा पडलाय असं समजून ते माणसांना घेऊन फलकाकडे निघाले, म्हणजे सरळ धुराकडे.

बाईंनी मूठभर माती उचलून हवेत सोडली. ती उडाली तिकडे पाहून त्या ओरडल्या, “तिकडे नाही, इकडे या. वाऱ्याला आडवे चला.” माणसं वळली. मॅनेजर तोवर मास्क चढवत होते. मास्क कोरा करकरीत होता आणि फिल्टरवरचं झाकण कोणी काढलेलं नव्हतं. त्यांनी श्वास ओढला, काहीच आलं नाही. अमोनियाने आपला गळा धरला असं समजून ते बसले, मग आडवे झाले. दोघांनी त्यांना उचलून लांब नेलं आणि मास्क ओढून काढला, तेव्हा त्यांना कळलं की आपण जिवंत आहोत.

तिकडे बाईंनी दुसरा मास्क झाकण काढून चढवला, फिटरलाही चढवायला लावला आणि पाण्याचा फवारा धुरावर धरला. फिटरने मोठा पाना घातला, चाक करकरलं, रंगाचे पोपडे उडाले, धूर थांबला. डोळे चोळण्यापलीकडे कोणाला काही झालं नाही.

आता नोकरी गेली, या विचाराने मॅनेजर मान खाली घालून बाईंपुढे उभे राहिले. बाई शांतपणे म्हणाल्या, “आधी डेपो बंद करा, सगळं दुरुस्त करा. मग तालीम घेऊ. आज झाला तो अपघात होता.”

दुरुस्ती झाली. तालमीच्या सकाळी बाईंनी कामं वाटली: भोंगा कोणी वाजवायचा, फवारा कोणी धरायचा, माणसं कोणी मोजायची. मॅनेजरांनी घसा खाकरून विचारलं, “आणि माझ्याकडे काय?”

“तुम्ही बेशुद्ध पडा,” बाई म्हणाल्या. “ते तुम्हाला जमतं.”

भोंगा वाजला. व्हॉल्व्ह सहज फिरला, माणसं न गोंधळता वाऱ्याला आडवी चालत गेली, सगळे हजर निघाले. हुकमाची वाट पाहायला कोणी थांबलंच नव्हतं. स्ट्रेचरवर पडल्या पडल्या मॅनेजर एका डोळ्याने हे बघत होते. शेवटी त्यांना राहवेना. त्यांनी हात वर केला, सूचना द्यायला तोंड उघडलं.

स्ट्रेचरची पुढची बाजू धरलेल्या फिटरने मागे वळून अदबीने सांगितलं, “साहेब, बेशुद्ध माणूस बोलत नाही.”

साहेबांनी डोळा मिटला.