तळ्याभोवतीची वाट

टेक्सासमध्ये शुगर लँडमधल्या त्या वसाहतीत तळ्याभोवती नवी वाट होणार होती. तिची आखणी पुरुषोत्तमने आपणहून मागून घेतली. नोकरीत तो तेलाच्या पाइपलाइन आखायचा, पण खरं कारण नरेंद्र होता. पुरुषोत्तमची बायको मालिनी रोज सकाळी तळ्याकडे फिरायला जायची, आणि चार घरं पलीकडचा नरेंद्र तिच्या शेजारून इतकी हळू सायकल चालवायचा, की हा पडत कसा नाही, याचं खिडकीतून बघणाऱ्या पुरुषोत्तमला दुःख व्हायचं.

“एवढं काय बोलता तुम्ही?” त्याने एकदा मालिनीला विचारलं.

“मी कुठे बोलते? तेच बोलतात.”

हे उत्तर त्याला मुळीच आवडलं नाही.

रहिवाशांच्या मीटिंगमध्ये त्याने नकाशा मांडला. मधोमध पांढरी रेघ. चालणाऱ्यांनी तळं उजव्या हाताला ठेवून, प्रदक्षिणा घातल्यासारखं आतून जायचं. सायकलवाल्यांनी बाहेरून, उलट दिशेने. सायकलवरून उतरलेला माणूस पादचारी धरायचा. समोरून येणारा दिसतो, म्हणजे धडक नाही, असं त्याने पटवून दिलं. टाळ्या वाजल्या. सर्वांत जोरात नरेंद्रच्या.

वाट खुली झाली त्या सकाळी पुरुषोत्तम कॉफी घेऊन खिडकीत बसला. शेजारून जाणं बंद झालं होतं. मात्र गोल वाटेवर उलट दिशांनी फिरणारी दोन माणसं पुन्हा पुन्हा समोरासमोर येतात, हे जन्मभर सरळ रेषा आखणाऱ्या माणसाच्या ध्यानात आलं नव्हतं. नरेंद्र दर वेळी ब्रेक लावत होता. अकराव्या भेटीला पुरुषोत्तमने कॉफी ठेवून बूट चढवले.

त्याला पाहताच नरेंद्र खाली उतरला. “सायकलवरून उतरला की तो पादचारी. तुझाच रूल ना यार?” असं म्हणून सायकल हातात धरून तो पुरुषोत्तमबरोबर चालू लागला आणि आपल्या गुडघ्याची हकिकत सांगू लागला. आधी डावा गुडघा. पहिली फेरी संपली तेव्हा तो जेमतेम एमआरआयपर्यंत पोचला होता. मालिनी कानात इअरफोन घालून केव्हाच पुढे गेली होती.

“हा रोज हेच बोलतो?” घरी आल्यावर पुरुषोत्तमने विचारलं.

“तीन महिने. उजवा अजून यायचाय.”

त्या दिवसापासून सकाळी साडेसहाला नरेंद्र दाराची बेल वाजवू लागला. मालिनी मागच्या दाराने एकटीच निघून जायची आणि टवटवीत होऊन परतायची. पुरुषोत्तमला आता तिचाच हेवा वाटू लागला.

पुढच्या मीटिंगमध्ये त्याने दुरुस्ती सुचवली: वाटेवर सायकल हातात धरून चालायला बंदी. कोणाची हरकत?

पहिला हात मालिनीचा वर गेला. “सीनियर लोकांचे गुडघे दुखतात,” ती गंभीरपणे म्हणाली. “त्यांनी उतरायचं नाही का?” मग एकेक करत सगळेच हात वर गेले.

नरेंद्र खुर्ची सरकवून पुरुषोत्तमच्या शेजारी येऊन बसला. “वहिनींना किती काळजी आहे माझी,” तो हळूच म्हणाला. “उद्या सहालाच निघू या का? उजव्याला वेळ लागेल.”