रुद्राप्पांची रिझर्व सीट

सिगारेटची तलफ आली की आमच्या बिदरातल्या मैलूरची पोरं रुद्राप्पांच्या कट्ट्यावर बसतात आणि कलबुर्गीला जातात. गाडी नसते. निवृत्त कंडक्टर रुद्राप्पा दोन टाळ्या वाजवतात, "डबल बेल!" ओरडतात आणि बिदरपासून एकेक स्टॉप पुकारत निघतात. "हळ्ळीखेड! म्हातारीला उतरू दे की. घाई कामून करायलास?" हुमनाबादला गाडी चहाला थांबते. कलबुर्गी येईतो तलफ उतरलेली असते. नसली तर परतीची गाडी आहेच.

"सोड म्हनायचं न्हाई. पुढच्या स्टापला ओढू म्हनायचं," हे अप्पांचं शास्त्र.

मी कॉलेजात शिकवतो. दुसऱ्याच्या शास्त्राला हसणं हा माझा पेशाच. शिवाय मी सिगारेट ओढतो.

अप्पांचा लाडका उतारू म्हणजे बसू नावाचा पोरगा. नोकरी असली की ताणानं ओढायचा, सुटली की रिकामपणानं. या खेपेला नोकरी नव्हती, तरी तीन आठवडे त्यानं सिगारेटला हात लावला नव्हता. टपरीवर चारचौघांत मी पाकीट पुढं केलं. "घे रे. एका सिगारेटीनं अप्पांची गाडी पंक्चर होत नाही."

सगळे हसले. बसूही हसला, आणि त्यानं घेतली.

दुसऱ्या दिवसापासून तो कट्ट्यावर यायचा बंद झाला. अप्पांनी शेजारच्या जागेवर टॉवेल टाकला, खिडकीतून सीट धरतात तसा. कुणी टेकायला गेलं की, "रिझर्व हाय." टॉवेल रोज धुतलेला असायचा.

"कुनी दिली असंल वो त्याला, सर?" अप्पांनी मला विचारलं. मी पेपरात तोंड घातलं.

पाचव्या दिवशी म्हणालो, "अप्पा, मीच दिली." आणि काहीतरी करायचं म्हणून टॉवेलाच्या जागेवर बसायला गेलो.

"तिथं नगं. तुमी उभ्यानं या."

दोन टाळ्या. बिदर सुटलं. मी उभा. हळ्ळीखेडला अप्पांचा आवाज थांबला तो थांबलाच.

"पुढं, अप्पा?"

"पुढं कसं? पाशिंजर मागं ऱ्हायलाय." टॉवेलाची सुरकुती त्यांनी तळहातानं हळूच सपाट केली. "जावा, बोलावून आना त्याला. म्हनावं, गाडी हुबी हाय."