अक्कांचे कासव आणि बाजूचा उजेड

माझ्या साडूंची पाण्यातली छायाचित्रे बिघडली ती माझ्यामुळे. हे मी वर्षभर कोणाला सांगितले नाही. त्यांनी तर दोष स्वतःच्याच हातावर घेतला होता.

रामभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, अक्कांचे, यजमान. संग्रामपूरजवळ त्यांचा संत्र्यांचा बगीचा आहे. "उजेड बाजूनं पाह्यजे" हे त्यांचे पालुपद. छायाचित्रणाचा नाद लागल्यापासून ते पाहुण्याला खिडकीसमोर बसू देत नसत. खुर्चीसकट बाजूला सरकवत. पुतणीला पाहायला आलेल्या मंडळींनाही त्यांनी असेच सरकवले. ती सोयरीक जमली नाही.

अक्का आजाराने खाटेला खिळल्या आणि हा नाद बगीच्यातल्या विहिरीत उतरला. लग्न होऊन आल्यावर अक्कांनी त्या विहिरीत कासव सोडले होते. त्यांनी काठावरून भाकरी टाकली की ते वर येई. दुसऱ्या कोणासाठी येत नसे. आता खाटेवरून त्या रोज विचारत, "कासव हाये ना?" भाऊ "हाव" म्हणत. त्या म्हणत, "मंग दाखवा."

म्हणून कॅमेऱ्याला पाणी लागू न देणारी पेटी आली आणि भाऊ स्ट्रोब, म्हणजे पाण्यात वापरायचा वेगळा फ्लॅश, शोधू लागले. माझे मोबाइलचे दुकान, त्यामुळे मागवण्याचे काम माझ्याकडे. नवरदेव पारखावा तशी त्यांची चौकशी चाले. एकदा चमकल्यावर त्याला दम घ्यायला किती वेळ लागतो, वजन पेलेल का, खोल पाण्यात टिकेल का. अंगणातल्या टाक्यात माती कालवून, दोऱ्याने वांगे लटकवून, त्यांनी बॅटरीच्या उजेडात तालीम केली. शेजारच्या गजाननने कुंपणावरून विचारले, "काका, भरीत पान्यातच करून राह्यले का?" भाऊंनी त्यालाच बॅटरी धरायला लावली. त्या वांग्यावरून त्यांनी ठरवले की दांडी हवीच, फ्लॅशला कॅमेऱ्यापासून लांब, बाजूला धरणारी. उजेड समोरून पडला तर पाण्यातला गाळच चमकतो.

दांडी वेगळी मागवावी लागत होती, आणि मी त्यांच्या रोजच्या फोनांना विटलो होतो. दांडी कुठेच मिळत नाही, या नव्या फ्लॅशने गाळ चमकत नाही, तो कॅमेऱ्यावरच बसवला तरी चालतो, असे मी सांगून टाकले. त्यांनी विश्वास ठेवला.

साठी उलटलेला तो माणूस श्वास कोंडून पुन्हा पुन्हा बुडी मारत राहिला. प्रत्येक छायाचित्रात पांढऱ्या ठिपक्यांचा सडा, आणि मागे काहीतरी काळे. अक्कांनी एक छायाचित्र डोळ्यांजवळ धरले. "पान्यात पीठ सांडलं का हो?" एवढे म्हणून त्या हसल्या.

"माहा हात हालला," भाऊ म्हणाले. "उद्या पुन्हा उतरतो."

ते उतरत राहिले. ठिपके तेच राहिले. त्याच आठवड्यात अक्का गेल्या.

वर्षश्राद्धाची जेवणे उरकल्यावर भाऊ भाकरी घेऊन विहिरीकडे निघाले. मी मागोमाग गेलो. ते रोज जातात हे मला तोवर ठाऊक नव्हते. त्यांनी तुकडा टाकला. बऱ्याच वेळाने पाणी हलले आणि कासव वर आले, अगदी उन्हात. मी घाईने मोबाइल काढला. त्यांनी माझा हात हळूच खाली केला.

"आता कोनाले दाखवू, साडभाऊ?"

कासव तुकडा घेऊन खाली गेले. मी मोबाइल खिशात ठेवला.

"भाऊ, तुमचा हात नव्हता हालला," मी म्हणालो. "दांडी मिळत होती. मी कटाळलो होतो, म्हनून खोटं बोललो. मले माफ करा."