नाना महालक्ष्म्यांना घर दाखवतात

आमच्या वरच्या मजल्यावरचे नाना देवीशीसुद्धा खोटं बोलत नाहीत.

भाद्रपदात महालक्ष्म्या घरी येतात, तेव्हा मुखवटे हातात घेऊन त्यांना सगळं घर दाखवायची पद्धत आहे. कुंकवाच्या पावलांवरून एकेका खोलीत न्यायचं, एकीनं विचारायचं, "इथे काय आहे?" आणि घरच्यांनी म्हणायचं, "धनधान्य आहे, उदंड आहे!" डबा रिकामा असला तरी उदंडच म्हणायचं. एवढं साधं काम. पण त्या घरी उत्तर नाना देतात.

विचारायचं काम माझं. पहिल्या वर्षी मी स्वयंपाकघराच्या दारात हौसेनं विचारलं, "इथे काय आहे?" नाना देवीकडे बघून म्हणाले, "गहू आहेत, तांदूळ आहेत. तूरडाळ संपत आलीय. फ्रिजचं दार नीट लागत नाही."

काकूंच्या हातात ज्येष्ठेचा मुखवटा होता, नाहीतर त्यांनी कपाळावर हात मारून घेतला असता. "अहो, उदंड म्हणा, उदंड!"

"का म्हणू? तीन दिवस राहणार आहेत. दिसणारच आहे त्यांना."

नाना वजनमापांच्या नापतौल खात्यात इन्स्पेक्टर होते. सियागंज बाजारातल्या भल्याभल्या दुकानदारांचे तराजू त्यांनी तपासले. रिटायर होऊन जमाना झाला, पण भाजीच्या ठेल्यावर आजही वाकून बघतात आणि ओरडतात, "कांटा बीच में, भिया, कांटा बीच में!" ठेलेवाला त्यांना लांबून बघितलं की वजनं पुसायला घेतो.

बोलण्यातही तेच. कुणी सहज "कसे आहात?" म्हटलं की, "डावा गुडघा खराब, उजवा बरा, पोट काल साफ नव्हतं." माझ्या हातचे पोहे खाऊन म्हणतात, "मीठ कमी, शेव शिळी. दे अजून थोडे." सुरुवातीला माझा असा जळफळाट व्हायचा! मग लक्षात आलं, साडी चांगली दिसतेय असं अख्ख्या बिल्डिंगमध्ये फक्त नानांनी म्हटलं तरच मी खरं मानते. आजवर दोनदा म्हणालेत.

मागच्या वर्षी संक्रांतीनंतर त्यांची मुलगी अंजू पुण्याहून आली. चार बॅगा घेऊन. काकूंनी सगळीकडे सांगून टाकलं, "वर्क फ्रॉम होम आहे तिचं." महिना झाला, चार झाले. जिन्यात बायका विचारायला लागल्या, "जावई नाही आले? कब तक है अंजू?" सगळ्यात जास्त चौकशी समोरच्या मामींची. अंजूनं खाली उतरणंच सोडलं. एकदा गच्चीवर कपडे वाळत घालताना मला म्हणाली, "मीनलताई, मी आता परत जाणार नाही. पण लोकांना काय सांगू, असं आई रोज विचारते."

आणि नाना? खोटं बोलायचं नाही, अन् खरं बोलायला काकूंची मनाई. माणूस मुकाच झाला. कुणी काही विचारलं की भाजीची पिशवी सांभाळत जिना चढून जायचे. गुडघ्याचंसुद्धा सांगेनासे झाले. ठेलेवाला मला म्हणाला, "भाभीजी, नानाजी की तबीयत तो ठीक है? आजकल कुछ बोलते नहीं."

महालक्ष्म्या आल्या त्या दिवशी काकूंनी मला ओट्यापाशी ओढलं. "मीनल, अंजूच्या खोलीपुढे थांबू नकोस गं. सीधी गॅलरीत चल. दहा बायका असतील आणि ह्यांच्या तोंडाचा काय भरोसा?"

मी हो म्हटलं. अंजू आत दार लावून बसली होती. माहेरवाशिणींचा सण, आणि घरचीच माहेरवाशीण दाराआड! मला फार वाईट वाटलं, पण काकूंपुढे बोलायची हिंमत झाली नाही.

थाळ्या वाजायला लागल्या. ज्येष्ठा काकूंच्या हातात, कनिष्ठा मामींच्या. स्वयंपाकघर झालं, देवघर झालं. बंद दारापुढून मी भराभर पाय उचलला. मागे बघते तर नाना तिथेच उभे.

"इथली पावलं कुठे आहेत?"

कुंकवाची पावलं काकूंनी त्या दाराला वळसा घालून पुढे नेली होती. नाना भिंत धरून, त्या खराब गुडघ्यासकट, खाली बसले. वाटीतल्या कुंकवात बोट बुडवून त्यांनी दाराकडे जाणारी दोन पावलं काढली. चांगलीच वाकडी आली.

"विचार, मीनल."

"अहो, नको ना," काकू म्हणाल्या.

"एकही खोली सोडायची नाही. विचार."

मी विचारलं, "इथे... काय आहे?"

नानांनी दार ढकललं. अंजू पलंगाशी उभी होती, चुरगळलेल्या कुर्त्यात, केस न विंचरलेली.

"इथे आमची अंजू आहे," नाना देवीला म्हणाले. "तुमच्यासारखीच माहेरी आलीय. तुम्हाला तिसऱ्या दिवशी निरोप द्यावा लागतो. हिला आम्ही देणार नाही."

थाळ्या थांबल्या. काकू रडायला लागल्या. "कब तक" कुणी विचारलं नाही. मामी आपणहून पुढे झाल्या आणि कनिष्ठेचा मुखवटा अंजूपुढे धरला. "घे गं. तुझा मान आहे, मी कशाला मिरवू?"

अंजूनं ओढणीला हात पुसले आणि मुखवटा घेतला. आम्ही सगळ्या गॅलरीत गेलो.

"इथे काय आहे?" मी विचारलं.

अंजूनं नाक ओढलं आणि हुबेहूब बापाच्या सुरात म्हणाली, "एक मोडकी सायकल. पाच कुंड्या."

"चार," मागून नाना चष्मा पुसत म्हणाले. "एक काल फुटली."