विहिरीत पडलं ते विहिरीचं

टँकर विहिरीत रिकामा झाला तशा बायका दोर घेऊन धावल्या, पण भुरीबाई काठावर आडवी उभी राहिली. तांड्याच्या नायकाची बायको ती, देवघरातल्या सेवाभायाला पाण्याचा तांब्या वाहिल्याशिवाय चहाही न घेणारी. कोरड्या विहिरीत नवं पाणी आलं की आधी नारळ, मग बादली, हा सासूपासूनचा नेम. आणि नारळ आणायला ढाणकीला गेलेला तिचा मुलगा शाम अजून यायचा होता.

"अवं, टँकरचं पानी हाय ते," रामलाल नायक म्हणाला. "त्याले कायची पूजा?"

"विहिरीत पडलं ते विहिरीचं."

तांड्यावर नायकाचा शब्द चालत असे आणि नायकावर भुरीबाईचा. बायका हंडे घेऊन सावलीत बसल्या. भुरीबाईची सून वर्षाही बसली. तिचे दिवस भरत आले होते.

खरं तर हा टँकर वर्षासाठीच होता. पावसाळ्यात टेकडीवरून पाणी असं धावायचं, की तांड्याची वाट वाहून जायची. होळीपर्यंत मात्र विहिरीत बेडूकही उरत नसे. मग खाली दरीतल्या झिऱ्यावरून वाटीवाटीनं हंडा भरायचा आणि चढ चढायचा. त्या वर्षांत कापूस मातीमोल झाला होता आणि त्याची विचारपूस करायला सरकारी गाड्या मात्र वरचेवर यायच्या. अशाच एका गाडीपुढे भुरीबाई जाऊन बसली. कापसाचं काही करणं साहेबाच्या हाती नव्हतं, म्हणून त्यानं टँकर दिला.

शामच्या आधी मोटारसायकलवरून इंद्रजित आला. सरकार ज्या विहिरींची पातळी मोजायचं, त्यांत तांड्याचीही होती आणि मोजायचं काम त्याचं. त्यानं टेप सोडली आणि त्याचा चेहरा उजळला. मागच्या खेपेला तळ दिसला होता, आता छातीभर पाणी.

"भाऊ, ते टँकरचं हाय," रामलाल म्हणाला.

"टेप काय विचारते, नायक, कोनाचं पानी म्हून? विहिरीत हाय ते विहिरीचं."

रामलालनं बायकोकडे पाहिलं. भुरीबाई विहिरीत पाहत होती.

संध्याकाळी नारळ फुटला, पाणी उपसलं गेलं, विहीर पुन्हा खडखडीत झाली. आठवड्यात निरोप आला, की पातळी वाढल्यामुळे टँकर बंद. वर्षा पुन्हा दरी उतरू लागली. रामलालनं टोमणा मारला नाही; रोज सकाळी एवढंच विचारायचा, "झाला का नेम?"

भुरीबाईनं तालुक्याला खेटे घातले आणि फेरमोजणी मंजूर करून आणली. मग तिनं जो नवस केला, तसा तांड्यात कोणी केला नसेल. सेवाभाया, विहीर कोरडी दिसू दे, नारळ वाहीन.

सेवाभायानं ऐकलं. इंद्रजितची टेप खणकन दगडावर आपटली. त्यानं ती वर ओढली, पुन्हा सोडली, आणि वहीत मागचा आकडा काढून पाहिला.

"मागं छातीभर होतं," तो हळू आवाजात म्हणाला. "एवढ्यात संपलं? मावशी, याले बेसुमार उपसा म्हनते."

"म्हंजे?"

"म्हंजे आता उपशाले बंदी येईन. या विहिरीतून पानी काढाचं नाई."

"अन् टँकर?"

"बंदी असली त टँकर कसा देतीन? पानी हाय म्हून तर बंदी असते."

रामलाल हसायला लागला आणि त्याला हसू आवरेना. देवानं आपला शब्द पाळला होता. भुरीबाईनं पदराखालचा नारळ काढला आणि विहिरीच्या काठावर आपटला. नारळ जुना निघाला. आत पाण्याचा टिपूस नव्हता.

वर्षानं गुडघ्यावर हात टेकून उठत रिकामा हंडा उचलला आणि ती दरीची वाट उतरू लागली.

भुरीबाईनं एक कोरडी कवड इंद्रजितच्या हातावर ठेवली.

"घ्या भाऊ, प्रसाद. अन् लिहून ठेवा, हाही आम्हीच उपसला."