कन्सिडर अ स्मॉल पत्रावळ

जेवायला बसण्याआधी अंबादास मास्तर पंगतीचं फील्ड काढत. अकोल्यात लग्न कुणाचंही असो, मांडवात शिरले की ते आधी पंगतीची लांबी डोळ्यांनी मोजत आणि बरोबर मधलं पान गाठत. हिशेब साधा होता. पंगत म्हणजे विजेचा चार्ज पसरलेली लांब काडी आणि लाडवांचं ताट घेऊन तिच्या मधोमध समोर उभा राहिलेला वाढपी म्हणजे ओढला जाणारा कण. "डावीकडचे त्याले डावीकडं ओढते, उजवीकडचे उजवीकडं. आडव्यानं आडव्याले मारलं, समोरचं तेवढं उरलं! मंग लाडू कोनाच्या पानात? माह्या!" वाढप्यांना मात्र फिजिक्स येत नसल्यामुळे ते टोकापासून सुरुवात करत आणि मास्तरांपाशी पोचेपर्यंत ताट रिकामं होई.

मास्तर पातूरकडच्या माळ्याचे. घरी वांगी-मिरच्यांचा मळा. घरात हेच एकटे बी.एस्सी. झाले, हायस्कुलात लागले आणि जठारपेठेत आमच्या शेजारच्या खोलीत स्टोव्ह आणि पुस्तकं मांडून राहिले. लग्न केलं नव्हतं. आमचे आईवडील भांडू लागले की भिंतीपलीकडून आवाज येई, "वकीलसाहेब, आडव्यानं आडव्याले मारा अन् समोरचं बोला!" वडील चिडत, पण भांडण तिथेच मिटे.

माझी बहीण शांता तेव्हा अमरावतीच्या कॉलेजात बी.एस्सी.ला होती. वडिलांनी बजावलं होतं, पास झालीस तर पुढे नागपूर, नापास झालीस तर उन्हाळ्यात बोहल्यावर. पुण्याचं स्थळ तयारच होतं. आणि शांतेचं घोडं अडलं होतं नेमकं या काडीपाशी. चार्ज एका ठिपक्यावर असला तर ती चुटकीसरशी गणित सोडवी, काडीभर पसरला की रडकुंडीला येई.

सुट्टीत ती घरी आली तेव्हा मास्तरांनी आईच्या पत्रावळी उचलून अंगणात रांगेनं मांडल्या.

"घाबरून काहून राहिली, पोरी? सारी पंगत एकदम कोनी जेवू घालते का? एक पत्रावळ घे. तिची ओढ काढ. मंग दुसऱ्या बाजूची तिची जोडीदारीन घे. आडवं कटलं, समोरचं ठेव. अशा जोड्या घेत जाय अन् बेरीज करत जाय. पत्रावळी बारीक करत नेल्या, का झालं तुहं इंटिग्रेशन!"

शांतेनं त्या दुपारी काडी सोडवली, मग काडी वाकवून कडं सोडवलं, मग अख्खी थाळी. आई पत्रावळींवरून ओरडत होती, पण ऐकतं कोण!

परीक्षा देऊन मात्र ती डोळे सुजवूनच परतली. गणित काडीचंच आलं होतं, सुटलंही होतं. पण घाईत 'एलिमेंट' हा इंग्रजी शब्द आठवेना आणि बाईसाहेब लिहून आल्या होत्या, 'कन्सिडर अ स्मॉल पत्रावळ'! वडिलांनी कपाळाला हात लावला आणि ते पुण्याला पत्र लिहायला बसले. मास्तरांना हसू आवरेना. "लिव्हलं तं लिव्हलं! तपासनारा बी जेवतच असंन ना?"

तपासणारा जेवत असावा. शांता पहिल्या वर्गात पास झाली! वडील दारात उभे राहून येईल त्या पक्षकाराला पेढा देत होते आणि "पत्रावळ लिहूनसुद्धा बरं का!" असं छाती फुगवून सांगत होते. पुण्याचं स्थळ पुण्यालाच राहिलं. मला तर त्या दिवशी रस्त्यात नाचावंसं वाटत होतं.

एवढ्यात मास्तर आले. हातात एक पुडकं. आत भडक गुलाबी लुगडं, बाईमाणसाला न विचारता घेतलेलं स्पष्ट दिसत होतं. शांता पाया पडली तसे ते गडबडले.

"मले ना बहीन, ना लेक. दुकानदार म्हने, कोनासाठी पाह्यजे? म्या म्हनलं, घरच्या पोरीसाठी."

"निकाल ऐकला आणि थेट बाजार गाठलात वाटतं?" वडील हसून म्हणाले.

"नाई बा. त्या पत्रावळीच्या दिवशीच घेतलं."

"अहो, पण नापास झाली असती तर?"

मास्तरांनी वडिलांकडे नवलानं पाहिलं.

"मंग तं जास्तच पाह्यजे होतं ना, वकीलसाहेब."