यशोदामावशींचं विधेयक

घिवलीच्या यशोदामावशी बोंबील वाळत घालताना लोकसभेचं कामकाज ऐकतात. फोन दांडीला टांगलेला असतो, अध्यक्ष "शांत बसा" म्हणून विनवत असतात आणि मावशी त्यांच्या वतीने खासदारांना शिव्या घालत असतात. "आमच्या मच्छीबाजारात यापेक्षा शिस्त हाय," हे त्यांचं ठाम मत.

मी बोईसरच्या एका बँकेत अधिकारी. टेबलावर नावाची पाटी आहे, गळ्यात ओळखपत्र आहे, आणि बँकिंग कायद्याची ताजी खबर मला एक मासेवाली पुरवते, हे मी घरी अजून सांगितलेलं नाही.

चूक माझीच. खात्याला दोन्ही मुलांची नावं नॉमिनी म्हणून लावा, असं सांगत मावशी आल्या. मी ऐटीत म्हटलं, "एका खात्याला एकच नॉमिनी. कायदा आहे."

"मग कायदा बदलाया कुनाला सांगायचं?"

मला कटकट टाळायची होती. "दिल्लीत विधेयक आलंय. चार नावं चालतील म्हणतात. पास झालं की या."

संध्याकाळपर्यंत मी ते विसरलोही. मावशी मात्र विधेयकामागे हात धुऊन लागल्या. बाजार उरकून, रिकामी टोपली दाराशी ठेवून शाखेत यायच्या. "सायेब, लोकसभेतून सुटलं. आता राज्यसभेच्या खाडीत हाय, भरती नाय." मी जाणकारासारखी मान डोलवायचो आणि त्यांची पाठ वळली की फोनवर शोधायचो. दर वेळी त्यांचंच खरं निघायचं.

पुढे राज्यसभेतही पास झालं, राष्ट्रपतींची सही झाली. हे मला एकदाचं त्यांच्याआधी कळलं. मावशी दिसताच मी उभा राहून अभिनंदन केलं आणि फॉर्म पुढे केला. त्यांनी तो परत सरकवला.

"कलम लागू झाल्याची तारीख राजपत्रात आली काय?"

"म्हणजे?"

"होडी बांधून झाली म्हनजे दर्यात गेली असं नाय, सायेब."

शेजारचा कॅशियर इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं.

मग महिने गेले. तारीख येईना, मावशींच्या फेऱ्या थांबेनात. एकदा मी वैतागून म्हणालो, "थोरल्याचं नाव आहेच की खात्याला. एवढी घाई कसली?"

मावशी खुर्चीत टेकल्या. "तेच तर झालं. नवरा गेला तेवा तुमच्या बँकेनं एकच नाव मागितलं, मी थोरल्याचं दिलं. धाकट्यानं पासबुकात बघितलं. 'तुला एकच पोर हाय' म्हनाला नि सरावलीला खोली घेऊन ऱ्हायला. कंपनीत जातो. घरी जेवाया येत नाय."

"मग नाव बदलून धाकट्याचं लावायचं होतं."

"नि थोरल्याला काय सांगू?"

मला माझीच लाज वाटली. इतकी वर्षं मी तो फॉर्म लोकांपुढे सरकवतोय, त्या एका रकान्यात कोणाचं घर मोडत असेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

अखेर तारीख आली. शाखा उघडायच्या आधी मावशी पायरीवर हजर. मी दोन्ही नावं लिहिली, दोघांना अर्धा-अर्धा वाटा. त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवलं. "याची झेरॉक्स द्या. सरावलीला जायाचंय."

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि त्यांना स्कूटरवर घेऊन गेलो. धाकट्याने दार उघडलं. मावशींनी कागद पुढे केला. त्याने वाचला, पुन्हा वाचला. मी मध्येच नव्या कलमाचा खुलासा करू लागलो, पण माझ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

"जेवलीस काय?" त्याने खाली बघत विचारलं.

"नाय रे," मावशी म्हणाल्या.

अर्ध्या तासापूर्वी माझ्यासमोर त्यांनी अख्खी मिसळ संपवली होती. बँकेचा माणूस असून मी ती खोटी जबानी मुकाट्याने ऐकली, आणि डोळे पुसत स्कूटरला किक मारली.